अडीच गुंजांचा पहारा

एक सोपं गणित. दहा मिलिमीटर व्यासाचा गोल, घुमटदार अकीक आहे. त्याच्याभोवती चांदीची पट्टी वळवून तो अंगठीत बसवायचा आहे. पट्टीची जाडी 0.3 मिलिमीटर. पट्टी किती लांब कापाल?

शाळेत ज्यांनी पायशी जन्माचं वैर धरलं, त्यांच्यासाठी उत्तर इथेच देऊन टाकू. खड्याचा व्यास अधिक पट्टीची जाडी, गुणिले 3.14. साधारण 32.4 मिलिमीटर. ते 0.3 मिळवायचे राहिले तर पट्टी जवळजवळ एक मिलिमीटरने आखूड पडते आणि खडा दारातच अडतो. पायची किंमत बावीस सप्तमांश धरली तरी सोनाराचं काही बिघडत नाही. जाडी विसरली की मात्र सगळं बिघडतं.

ही पट्टी तीन मिलिमीटर उंच धरली, तर तिचं वजन भरतं 0.3 ग्रॅम. पणजीच्या मापात अडीच गुंजा. खडा हजाराचा असो की लाखाचा, त्याचा सगळा पहारा या अडीच गुंजांवर. बोटातली अंगठी बघणारा प्रत्येक जण खड्याचं कौतुक करतो, कोंदणाकडे कुणी ढुंकून बघत नाही. म्हणून हा लेख सरळसरळ कोंदणाच्या बाजूने लिहिला आहे.

मऊ म्हणून मजबूत

कोंदणात गोंद नसतो, खिळा नसतो, स्क्रू तर नाहीच. पट्टीच्या घरात खडा ठेवायचा, पट्टीची वरची कड आत झुकवायची आणि खड्यावर दाबून बसवायची. झालं. हे जमतं, कारण चांदी मऊ आहे. खनिजांची कठीणता मोजण्याच्या मोहस मापावर चांदी अडीच ते तीनच्या दरम्यान येते. अकीक सातच्या आसपास, माणिक आणि नीलम थेट नऊवर. दाब पडला की चांदी निमूट वाकते आणि खड्याच्या अंगावर ओरखडाही उठत नाही. तिथे पोलादाची पट्टी असती, तर ती वाकवताना निम्मे खडे फुटले असते.

त्यातही जाणकार कारागीर एकाच अंगठीत दोन जातींची चांदी वापरतो. बोटात जाणारं वळं 925 चं, म्हणजे हजार भागांत 925 भाग चांदी आणि उरलेलं बहुधा तांबं. तांबं मिसळलं की चांदी कडक होते. वळ्याला तो कडकपणा हवाच, नाहीतर बसच्या दांडीला धरून उभं राहिलं तरी अंगठी लंबगोल व्हायची. कोंदणाची पट्टी मात्र 999 ची, जवळजवळ निर्भेळ.

हे 925 चं प्रमाण चांगलं सातशे वर्षं जुनं आहे. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने 1300 मध्ये ते कायद्याने बांधून दिलं. पुढे लोक चांदीची नाणी वितळवून भांडी घडवायला लागले, तेव्हा तिथल्या सरकारने 1697 मध्ये भांड्यांसाठी नाण्यांपेक्षा शुद्ध, 958 ची चांदी सक्तीची केली. नाणं वितळवून थेट ताट करायची सोयच संपली. ही सक्ती 1720 मध्ये उठली.

निर्भेळ चांदीचा आणखी एक गुण आहे. ती लालबुंद तापवली तरी पांढरी ती पांढरीच राहते. 925 ची चांदी तापवली की तिच्यातलं तांबं ऑक्सिजन ओढून घेतं आणि कातडीखाली जांभळट-करडे डाग धरतं. ते घासून काढता काढता कारागिराचा जीव मेटाकुटीला येतो. 1990 च्या दशकात इंग्लंडमधल्या मिडलसेक्स विद्यापीठात पीटर जॉन्स यांनी तांब्याचा थोडा वाटा काढून तिथे जर्मेनियम घातलं, तेव्हा कुठे हे डाग आवरले.

अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

आता माझा सगळ्यात आवडता मुद्दा. कोंदणाची कड चारही बाजूंनी फक्त अर्धा मिलिमीटर आत झुकवली, तर तिचा घेर किती कमी होतो? 3.14 मिलिमीटर. खडा केवढा आहे याच्याशी काही संबंध नाही. वाटाण्याएवढा असो की रुपयाएवढा, घट तेवढीच. पटत नसेल तर कागदावर करून बघा. त्रिज्या अर्ध्याने कमी झाली की परीघ पायने कमी होतो.

हा जादा झालेला तीन मिलिमीटर धातू जाणार कुठे? तो नाहीसा तर होत नाही. कारागिराचा हात बरा असेल तर तो आतल्या आत दबून कड जाड करतो. हात घाईचा असेल तर चुण्या पडतात, आणि एकदा पडलेली चुणी मोडता मोडत नाही.

याच हिशेबाने लहान खडा बसवणं मोठ्यापेक्षा अवघड ठरतं. दहा मिलिमीटरच्या खड्याच्या पट्टीला आपल्या घेराचा दहावा हिस्सा गिळावा लागतो. पाच मिलिमीटरच्या खड्याला जवळजवळ पाचवा. तीस मिलिमीटरच्या ठसठशीत लोलकाला तीन टक्क्यांच्या आसपास. चार बारीक खड्यांच्या अंगठीची घडणावळ एका टपोऱ्या खड्याच्या अंगठीपेक्षा जास्त का, असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला हे गणित दाखवावं.

चुण्या टाळायची युक्ती गॅरेजात शिकायला मिळते. चाक बदलल्यावर मेकॅनिक नट ओळीने आवळत नाही, समोरासमोरचे आवळत जातो. खडा बसवणाराही उत्तरेला एक दाब देतो, मग दक्षिणेला, मग पूर्वेला, मग पश्चिमेला. त्यानंतर मधल्या दिशा. एका टोकाला सुरुवात करून गोल फिरत गेलं, तर सगळी जादा चांदी शेवटच्या कोपऱ्यात गोळा होते आणि तिथे तिची गाठ पडते.

लंबगोल खड्यात आधी दोन्ही निमुळती टोकं दाबायची, लांब बाजू नंतर. चौकोनी खड्याची तऱ्हाच वेगळी. सरळ बाजू सहज झुकतात, पण कोपऱ्यात दोन्हीकडची चांदी एकमेकींना भिडते आणि कुणीच मागे हटत नाही. म्हणून कोपऱ्यावरची थोडी चांदी कानशीने आधीच काढून टाकतात.

उंचीचंही असंच आहे. पट्टी फार उंच ठेवली तर खडा झाकला जातो आणि चुण्या हमखास पडतात. बुटकी ठेवली तर कड घुमटाच्या उतारापर्यंत पोचतच नाही. खड्याची बाजू जिथून आत वळायला लागते, त्याच्या जरासं वर. योग्य उंची तेवढीच.

दोघांपेक्षा आधी वितळणारं तिसरं

पट्टी वळवली, आता तिची दोन टोकं जोडायची. जोडायला लागतो डाख. डाखाची गोष्ट रसायनशास्त्राच्या तासाला सांगितली असती, तर मागच्या बाकावरची मुलंही जागी राहिली असती.

शुद्ध चांदी 961.8 अंश सेल्सिअसला वितळते, तांबं 1085 ला. दोन्ही एकत्र केली तर मिश्रण मधे कुठेतरी वितळेल असं वाटतं. पण 72 भाग चांदी आणि 28 भाग तांबं यांचं मिश्रण 779 अंशांनाच पाणी होतं. दोघांपेक्षाही खूप आधी! त्यात थोडं जस्त घातलं की हा आकडा आणखी खाली येतो. डाख म्हणजे हेच मिश्रण. दागिना घन राहतो आणि डाख वितळून फटीत पळतो, तो या दोन आकड्यांमधल्या अंतरात.

कारागिराच्या डबीत डाखाच्या दोन-तीन जाती असतात, कडकपासून नरमपर्यंत. पट्टीचा सांधा सगळ्यात कडक डाखाने. पट्टी खालच्या पत्र्यावर बसवायची ती मधल्या डाखाने. वळं किंवा लोलकाची कडी सगळ्यात नरम डाखाने, शेवटी. हा क्रम उलटा केला, तर तिसरा सांधा लागेपर्यंत पहिला सुटलेला असतो.

डाख उष्णतेच्या मागे धावतो, पण भगदाड बुजवत नाही. दोन कडांमध्ये प्रकाश दिसत असेल, तर कितीही डाख ओता, तो एका बाजूला जाऊन बसतो. म्हणून पट्टीची टोकं इतकी सपाट कानसायची की उजेडासमोर धरली तरी फट दिसू नये. जोडकाम चांगलं होतं ते ज्योतीपेक्षा कानशीमुळे, असं म्हटलं तर कुणी रागावू नये.

पितळेवर झाळकाम केलेला माणूस पहिल्यांदा चांदीला हात घालतो, तेव्हा त्याची हमखास फजिती होते. सगळ्या धातूंमध्ये चांदी ही उष्णतेची सर्वांत चांगली वाहक. लोखंडाच्या पाचपटीहून जास्त. सांध्यावरच ज्योत धरून बसलात, तर उष्णता क्षणात सगळीकडे पसरते आणि सांधा गारच राहतो. चांदीचा अख्खा दागिना तापवावा लागतो, सगळीकडून सारखा. आणि पट्टी 0.3 मिलिमीटरची, खालचा पत्रा तिच्या दुप्पट-तिप्पट जाड. ज्योत पट्टीवर रेंगाळली की पट्टी गोळा होऊन बसते. म्हणून ज्योत खालच्या पत्र्यावर, आणि नजर पट्टीवर.

तापलेली चांदी स्वच्छ राहावी म्हणून सांध्याला टाकणखार लावतात. या पांढऱ्या भुकटीने मोठा प्रवास केला आहे. एकोणिसाव्या शतकात इतरत्र साठे हाती येईपर्यंत युरोपातल्या सोनारांकडे पोचणारा बराचसा टाकणखार तिबेटच्या खाऱ्या सरोवरांच्या काठचा असे. तो हिमालयाच्या खिंडी ओलांडून यायचा तो मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवरून. प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटी थैली. व्हेनिसच्या कारागिराने लावलेल्या डाखात तिबेटी मेंढीचाही वाटा होता म्हणायचा.

गॅसची बत्ती येण्याआधी हे सगळं फुंकणीवर चालायचं. दिव्याची ज्योत, तोंडात नळी, गाल फुगलेले. सोनार नाकाने श्वास घेत राहायचा आणि गालातली हवा तोंडाने सोडत राहायचा, म्हणजे ज्योत क्षणभरही लवत नसे. सनईवाला हेच करतो, फक्त त्याचं ऐकायला लोक जमतात.

झाळून काळवंडलेला दागिना मग सौम्य आम्लात बुडवतात. इथे एक घरचा नियम कडक पाळला जातो. आम्लात लोखंडी चिमटा घालायचा नाही. घातला तर आत पडलेली सगळी चांदी गुलाबी होऊन बाहेर येते. शाळेत मोरचुदाच्या द्रावणात खिळा बुडवल्यावर त्याच्यावर तांबं चढलं होतं, आठवतं? इथेही तोच प्रयोग होतो. चांदीतून सुटून आम्लात उतरलेलं तांबं लोखंडाची चाहूल लागताच परत चांदीवर येऊन बसतं. चिमटा तांब्याचा, लाकडाचा नाहीतर प्लॅस्टिकचा. लोखंडाचा कधीच नाही.

खडा सगळ्यात शेवटी

एवढं होईपर्यंत खडा जवळपासही नसतो. त्याचं घर बांधून, झाळून, धुऊन, चकचकीत करून झालं की मगच त्याचा गृहप्रवेश. त्यानंतर ज्योत बंद.

ओपलमध्ये साधारण 3 ते 10 टक्के पाणी असतं. तो तापला की तडकतो. फिरोजा रंग टाकतो. मोती आणि पोवळं तर जीवजन्य, त्यांच्याबद्दल बोलायलाच नको. हिरा तरी टिकेल म्हणावं, तर तोही शेवटी कार्बनच. उघड्या हवेत फार तापवला तर त्याचा पृष्ठभाग पांढुरका पडतो. कोंदणाचं मोठेपण इथे आहे. खड्याशी संबंध येतो तो भाग पूर्णपणे थंड. नुसता हाताचा दाब. म्हणून ओपल, चंद्रकांत, फिरोजा, अंबर अशा नाजूक मंडळींचं आणि कोंदणाचं पिढ्यान्‌पिढ्या जमलं आहे.

घर बरोबर बसतंय का हे बघायला खडा आधी एकदा आत टाकून पाहतात. तो घट्ट बसला आणि निघेनाच, तर? जगभरचे कारागीर त्यासाठी खड्याखाली दातांत घालायचा फ्लॉस आडवा ठेवतात. दोन्ही टोकं वर ओढली की खडा सुखरूप बाहेर.

मांजराच्या डोळ्यासारखी रेघ मिरवणारा लसण्या किंवा सहा किरणांचा तारा दाखवणारा नीलम फक्त घुमटदारच घडवतात. त्यांना पैलू पाडले तर रेघ आणि तारा दोन्ही गायब. आत सुयांसारखे बारीक कण ओळीने असतात, त्यांच्यावरून परतणारा प्रकाश घुमटावर एकवटतो, म्हणून तो खेळ दिसतो. घुमटदार खड्याला कोंदण सगळ्यात शोभतं. पैलूदार हिऱ्याला मात्र खालून-बाजूंनी उजेड हवा, म्हणून न्यूयॉर्कच्या टिफनीने 1886 मध्ये त्याला सहा नखांवर उचलून धरलं. तेव्हापासून वाङ्‌निश्चयाच्या अंगठ्यांमध्ये नखांचं राज्य आहे. दिसतं छान, स्वेटरच्या बाहीत अडकतंही छान.

पाठीमागची लबाडी

पूर्वी कोंदणाची पाठ बहुतेक बंद असे, आणि बंद पाठीमागे बरंच काही चाले. खड्याखाली चकाकणारा पातळ वर्ख घालायचा, म्हणजे आत गेलेला प्रकाश दुप्पट उत्साहाने बाहेर येतो. फिकट माणकाखाली लालसर वर्ख, फिकट पाचूखाली हिरवा. आपल्याकडच्या कुंदनकामातही वर्ख असतोच. तिथे आणखी एक गंमत आहे. शुद्ध सोन्याचे पापुद्रे खड्याभोवती नुसते दाबले की ते ज्योतीशिवाय, डाखाशिवाय एकमेकांना चिकटतात. चांदीला हे जमत नाही, बिचारीला आगीतून जावंच लागतं.

या लबाडीचा सगळ्यात बडबडा साक्षीदार म्हणजे फ्लॉरेन्सचा बेनवेनुतो चेल्लिनी. शिल्पकार, सोनार आणि आत्मप्रौढीत अजोड. सम्राट पाचवा चार्ल्स याने पोप तिसरा पॉल याला दिलेला हिरा अंगठीत बसवायचं काम त्याच्याकडे आलं. त्या काळी हिऱ्याच्या खालच्या अंगाला रंगाचा हात देत, म्हणजे त्याचं तेज खुलतं. आधी एका नामांकित व्हेनिशियन जवाहिऱ्याने तो रंगवला होता. चेल्लिनीने आपलं मिश्रण त्याच्यावर कशी मात करून गेलं, ते आत्मचरित्रात मीठमसाला लावून सांगितलं आहे. 1568 मध्ये त्याचे सोनारकाम आणि शिल्पकलेवरचे दोन ग्रंथ छापून आले. वर्ख कसा करावा, खडा कसा बसवावा, सगळं त्यात आहे.

हे ग्रंथ इंग्रजीत आणले ते एका वास्तुविशारदाने. चार्ल्स रॉबर्ट ॲशबी. लंडनच्या पूर्व भागात त्याने 1888 मध्ये कारागिरांचा संघ काढला होता. यंत्रांतून एकसारखे दागिने बदाबदा पडत असताना हा माणूस हट्टाने हाताने घडवलेली चांदी, तिच्यावर हातोडीच्या खुणा तशाच ठेवलेल्या, आणि घुमटदार फिरोजा, चंद्रकांत असे स्वस्त खडे वापरत होता. हिऱ्या-सोन्याच्या दुनियेला ते भिकेचे डोहाळे वाटले असणार. चेल्लिनीचा त्याने केलेला अनुवाद 1898 मध्ये त्याच्याच छापखान्यातून निघाला. पुढे 1904 मध्ये कोपनहेगनला गिऑर्ग जेन्सन या शिल्पकाराने दुकान थाटलं आणि चांदी, अंबर, चंद्रकांत यांच्या जोडीला पार प्रतिष्ठेच्या पंगतीत नेऊन बसवलं.

आपल्याकडे मात्र पाठ उघडी ठेवण्याचा आग्रह धरला जातो, आणि तो कारागिराचा नसून ज्योतिषाचा असतो. ग्रहाचा खडा बोटाच्या कातडीला टेकला पाहिजे, असा दंडक. म्हणून राशीच्या अंगठीत खालच्या पत्र्याला भोक पाडलेलं असतं. चंद्रासाठी मोती घालायचा तो चांदीत आणि करंगळीत, हेही त्याच पोथीतलं. ग्रहांवर त्याचा काय परिणाम होतो ते तेच जाणोत. सोनाराला मात्र या भोकाचे रोकडे फायदे आहेत. चांदी वाचते, हात धुतल्यावर आत शिरलेलं पाणी सुकतं, आणि पुढे कधी खडा काढायची वेळ आली तर मागून अलगद ढकलता येतो.

नाण्याचं कोंदण, भुशाची गादी

चांदी आणि फिरोजा म्हटलं की जगाच्या डोळ्यांसमोर येतात अमेरिकेच्या नैर्ऋत्येचे नवाहो आणि झुनी. ही जोडी फार पुरातन असेल असं वाटतं. प्रत्यक्षात नवाहोंनी फिरोजा चांदीत बसवायला सुरुवात केली ती 1880 च्या सुमारास.

अत्सिदी सानी हा त्यांचा पहिला चांदीकारागीर मानला जातो. मेक्सिकन लोहाराकडून तो आधी लोखंडकाम शिकला. 1864 मध्ये अमेरिकी लष्कराने नवाहोंना शेकडो मैल चालवत बॉस्क रेडोंडोच्या छावणीत नेलं. 1868 मध्ये ते मायभूमीत परतले. त्यानंतर ही कला त्यांच्यात पसरली. चांदी कुठून आणायची? खिशातून. अमेरिकेची आणि मेक्सिकोची नाणी वितळवून. दोन्हींत चांदीचं प्रमाण सुमारे 900. नाणी मोडायला सरकारने बंदी घातली, तेव्हा कारागीर मेक्सिकन पेसोंकडे वळले.

जुन्या नवाहो कोंदणांची कड पुष्कळदा करवतीच्या दात्यांसारखी कापलेली दिसते. शोभा तर आहेच, पण अर्ध्या मिलिमीटरच्या हिशेबाचंही हे उत्तर आहे. दात्यांमधल्या खाचांमुळे जादा चांदी आधीच कमी झालेली असते, दाते आत सहज झुकतात, चुणी पडायला जागाच नाही.

आणि खड्याखाली? लाकडाचा भुसा. फिरोजाच्या चकत्या जाडीला सारख्या नसतात. खाली भुशाची गादी दिली की खडा हव्या त्या उंचीवर येतो आणि दाबताना तडकत नाही. झकास युक्ती, जोवर अंगठी कोरडी आहे तोवर. भांडी घासताना पाणी आत गेलं की भुसा फुगतो आणि खड्याला आतून वर ढकलायला लागतो.

1899 पासून फ्रेड हार्वी कंपनीने रेल्वेने येणाऱ्या प्रवाशांसाठी हलके, स्वस्त दागिने करवून घ्यायला सुरुवात केली. नवाहो स्वतःसाठी घडवत ते कडं मनगटाला भारी व्हायचं, पर्यटकाला ते कसं झेपणार! आज तिथे बनावट मालाचा सुळसुळाट आहे. परक्याने घडवलेला दागिना आदिवासी कारागिराचा म्हणून विकणं हा 1990 च्या कायद्याने तिथे गुन्हा ठरतो.

आपल्या पायाखालचे खडे

महाराष्ट्राला खड्यांसाठी लांब जायची गरज नाही. दख्खनचा काळा कातळ सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हा होऊन पसरला, तेव्हा त्याच्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांत सिलिका झिरपत राहिली आणि अकीक, जांभळा स्फटिक, झिओलाइट असं भांडार तयार झालं. जळगाव, छत्रपती संभाजीनगर, नाशिक भागात ते सापडतं. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय बघितलं नसेल, तर शिर्डीच्या वाटेवर गाडी थांबवा. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत निघणारं निळंशार कॅव्हनसाइट जगभरच्या संग्राहकांना वेड लावतं. अंगठीसाठी ते फार मऊ. त्याला काचेच्या पेटीतच राहू द्यावं.

चांदीचे हातही इथेच आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीत घरोघरी चांदीकाम चालतं, तिथले पैंजण देशभर जातात. अकिकाला आकार द्यायची कला गुजरातेत खंभातला, पैलू पाडायची जयपूरला.

इथले खडे तर पार युरोपापर्यंत पोचले आहेत. पाचव्या-सहाव्या शतकातल्या युरोपीय सरदारांच्या तलवारी आणि आकड्यांवर सोन्याच्या घरांत लाल तामडे, म्हणजे गार्नेट, बसवलेले सापडतात. रासायनिक तपासणीत त्यांतले कित्येक भारत आणि श्रीलंकेतले निघाले.

चिंच, अंडं आणि रबरबँड

चांदी काळी पडते ती गंधकामुळे. हवेतल्या गंधकाच्या वायूशी संयोग होऊन तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो. उकडलेलं अंडं, लोकरीचं कापड आणि डबीला लावलेलं रबरबँड हे घरातले संशयित. बाजारात ऑक्सिडाइज्ड म्हणून मिळणारी काळसर चांदीही गंधकानेच काळी करतात. नावात ऑक्सिजन असला तरी थर सल्फाइडचाच.

काळी चांदी उजळायला आपल्याकडे चिंच आहेच. साध्या पैंजणाला ती उत्तम. पण मोती किंवा पोवळं बसवलेल्या अंगठीला चिंच लावू नका. दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटची, आम्लात झिजतात. रांगोळीने घासणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, आणि कोंदणाची कड 0.3 मिलिमीटरची. दर दिवाळीला थोडी थोडी कड जाते, आणि एक दिवस खडाही जातो. बंद पाठीच्या कोंदणाला पाण्यात भिजत ठेवायचंच नाही. मऊ कापड आणि थोडा धीर एवढं पुरतं.

घेण्याआधी

दुकानात गेलात की अंगठी आधी उलटी करा. पाठ उघडी आहे की बंद, आणि बंद असेल तर कशासाठी, ते विचारा. हॉलमार्क बघा. 1 सप्टेंबर 2025 पासून चांदीच्या दागिन्यांवरही सहा अक्षरी एचयूआयडी क्रमांक मिळू लागला आहे. अजून तो ऐच्छिक आहे, पण मागायला काय जातं?

मग अंगठी कानाशी धरून बोटाने टिचकी मारा. आत खडखड झाली तर खडा सैल आहे, कितीही सूट असली तरी घेऊ नका. भिंगातून कडेचा सांधा शोधा. चांगल्या कामात तो सापडत नाही. चुण्या लंबगोलाच्या टोकांना आणि चौकोनाच्या कोपऱ्यांना शोधा, पडल्या असतील तर तिथेच असतील. शेवटी ओढणीचा काठ किंवा लोकरीचा धागा कोंदणाच्या कडेवरून फिरवा. कुठे अडकला, तर समजा की कड खड्यावर नीट बसलेली नाही. सोनाराला म्हणावं, इथे कड नीट दाबून द्या. दोन मिनिटांचं काम आहे, आणि त्याची वेगळी घडणावळ लागत नाही.